आत्या मागंच आहे

थांबा थांबा, बाकी सगळं मागून, हे मले आत्ताच्या आत्ता सांगाचं आहे. आत्ताच हुडकेश्वरहून घरी आली, गाडी लावली, हेल्मेट अजून मांडीवर आहे आणि टाइप करून राहिली. चुका होतील, माफ करा. उद्यावर टाकलं तर मी हे गोड करून लिहीन, आणि ते गोड नव्हतं.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघं सातपुड्यातल्या एका दरीत ट्रेकले गेलो होतो. मी, माझा दादा आणि आमची आत्या. दरीचं नाव नाही सांगत. सांगितलं तर पुढच्या संडेले आमचं अर्धं मनीषनगर तिथं तर्री-पोहे घेऊन पोचंल. एवढंच सांगते, वरच्या गावात जीप सोडून देते, मग नदीच्या काठानं उतरत जाचं, बारा-तेरा किलोमीटर, दोन्हीकडून काळे कडे, आणि शेवटी जंगलवाल्यांच्या नाक्यापाशी बाहेर निघाचं. तिथं तीच जीप येऊन उभी राहते. जीपवाल्यानं सकाळीच सांगितलं होतं, "चार बजे तक आ जाना. पाँच बजे नाका बंद, फिर मैं भी बंद."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच रिटायर झाली. लग्न केलं नाही. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये राहिली आणि आता ते क्वार्टर खाली कराचं होतं. मग राहणार कुठं, तर आमच्याकडं. आमच्याकडं कुठं, तर माझ्या रूममध्ये. हे बाबांनी जेवताना वरणभात कालवता कालवता सांगून टाकलं, जसा काही कूलर या खोलीतून त्या खोलीत ठेवाचा आहे. मी तेव्हा काहीच बोलली नाही. हे लक्षात ठेवा.

ट्रेकले सोबत याचं आत्यानंच म्हटलं. "जिंदगीभर वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. आता एकदा सरळ चालून पाहते." नवीन बूट घेतले. निघाच्या दिवशी बाबांनी मले गॅलरीत बोलावलं आणि हळूच म्हटलं, "दादा तर पुढं पळंल, त्याचं सोड. आत्याले तू सोडू नको."

"नाही सोडत, बाबा."

इतकंच बोलणं झालं होतं.

आता जीपमधली गोष्ट. मी समोर बसली होती, दादा आणि आत्या मागं. आत्यानं थंडीचा स्कार्फ कानाले गच्च बांधला होता, डोळे मिटले होते. मी माझ्या मैत्रिणीले व्हॉइस नोट पाठवली. हळू आवाजात, म्हणजे मले वाटलं हळू. "यार, माझी रूम गेली. रिटायर झाली ते झाली, आता माझ्या पलंगापाशी सकाळी पाच वाजता गरम पाणी पीत बसंल." पाठवून दिली. मागं पाहिलं तर आत्याचे डोळे मिटलेलेच होते. मी विसरून गेली.

दरीत उतरलो तेव्हा आठ वाजले असतील. ऊन वरच्या कड्यालेच लागलं होतं, खाली सगळं गार, नदीतून वाफ निघून राहिली होती. मी तर वेडी झाली होती. दहा पावलं चालाचं, फोटो काढाचा. आणि मग मले ते दिसले, दगड. रस्त्याच्या बाजूले दगडावर दगड रचून ठेवले होते, कुठं तीन, कुठं चार, खाली मोठा वर लहान. मी ट्रेकचे इतके व्हिडिओ पाहिले आहेत का विचारू नका. मले लगेच समजलं.

"आत्या, पाह्य! हे ट्रेकवाले लावून ठेवतात. रस्त्याचं निशाण आहे हे. जिकडं असे दगड दिसतील तिकडं जाचं, म्हणजे चुकाचं कामच नाही."

"असं होय?" आत्या वाकून पाहाले लागली. "भल्ले हुशार लोक आहेत वं."

"मग!"

दादा म्हणे, "तुले कोणी सांगितलं बे?"

"तुले माहीत नाही म्हणजे कोणालेच माहीत नाही काय?"

तो पुढं चालाले लागला. मी जिंकली. या जिंकण्याचं काय झालं ते पुढं येतेच.

आत्याचं एक आहे. तिले एकदा सांगितलं का ती तसंच करते, वीतभर इकडं नाही का तिकडं नाही. वॉर्डात ड्युटी बदलताना जे सांगितलं, कागदावर जे लिहिलं, तेच. "आपलं डोकं लावलं का पेशंट गेला," हे तिचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकून राहिलो. बिस्कीट दोन खा म्हटलं तर दोनच खाईल, तिसरं कागदात बांधून ठेवंल.

दीड वाजता एका सपाट खडकावर जेवाले बसलो. आत्यानं बूट काढले तर टाच सोललेली. स्वतःच बॅगेतून पट्टी काढली, स्वतःच लावली, आणि मग पोळीभाजी वाढली. संत्री खाल्ली. सालं मी फेकाले लागली तर मनगट धरलं. "जंगलात नाही टाकाचं. दे इकडं." सगळी सालं तिनं डब्यात भरली. नंतर मी त्या सालांचा किती विचार केला! दुसऱ्या कोणाची आत्या असती तर सालं टाकत टाकत गेली असती, आणि मले रस्ता तरी समजला असता.

दादानं घड्याळ पाहिलं. "दोन वाजले बे. अजून तीनेक किलोमीटर आहे. या चालीनं पाच वाजतील."

आत्या म्हणाली, "तुम्ही जा ना पुढं. माझ्यासाठी काहून थांबता?"

मग असं ठरलं का दादा भराभर पुढं जाईल आणि जीपवाल्याले थांबवून धरंल. मी आत्यासोबत. दादा गेला. दहा मिनिटात दिसेनासा झाला.

आणि मी काय केलं? मी पण पुढं गेली.

एकदम नाही. आधी दहा पावलं पुढं, मग वीस, मग वळणापर्यंत जाऊन थांबाचं. माझे पायच हळू चालत नव्हते आणि डोक्यात चार वाजाची घाई होती. शेवटी आत्याच म्हणाली, "तू सारखी वळून पाहते ना, त्यानं मले घाई होते. जा, मी येते."

"पक्कं?"

"जा म्हटलं ना, बाई."

मग मले ती भारी आयडिया आली. "आत्या, ऐक. जिथं फाटा लागंल तिथं मी दगडावर दगड ठेवून जाते. दगड दिसले का तिकडंच वळ. ठीक?"

"दगड दिसले का तिकडं," आत्यानं म्हणून दाखवलं. जसं डॉक्टरनं औषध सांगितलं का म्हणते तसं.

पहिला फाटा जांभळीच्या मोठ्या झाडापाशी होता. मी तीन दगड रचले. दुसरा फाटा जरा पुढं, तिथं एक पायवाट उजवीकडं वर चढत होती. मी नदीच्या बाजूले तीन दगड ठेवले आणि फोटोही काढला. मग एक डोह आला. हिरवं पाणी, वरून उन्हाची एक पट्टी बरोबर मधात पडलेली, आणि काय सांगू, मोबाइलले रेंजची एक दांडी! सकाळपासूनचे मेसेज धाडधाड आले. त्यात बाबांचा होता. "पोचले का? आत्या कशी आहे?"

मी लिहिलं, "मस्त. सगळे सोबत आहोत."

लगेच दुसरा आला. "आत्याचा फोटो पाठव."

मी डोहाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "आत्या मागंच आहे."

मग मी मागं पाहिलं.

कोणी नव्हतं. बरं, येईल. पाच मिनिटं झाली. बूट चावून राहिला असंल. दहा झाली. पाण्याचा आवाज इतका होता का माणसाचा आवाज त्यात ऐकू येईल का नाही तेच समजत नव्हतं. मी हाक मारली, "आत्याऽ!" ती कड्यावर आपटून परत आली आणि मले माझ्याच आवाजाची भीती वाटली. पंधरा मिनिटं झाली तेव्हा मी उठली आणि मागं पळाली.

दुसऱ्या फाट्यावर माझे तीन दगड तसेच होते. मले हायसं वाटलं, एक सेकंद. मग नजर उजवीकडं गेली. वर चढणाऱ्या पायवाटेवर, दहाच पावलांवर, दगडावर दगड. पाच होते. माझे नव्हते. वाटेनं जरा वर तशीच अजून एक रास, तिच्या वर अजून एक.

आत्यानं काय पाहिलं असंल? इकडं तीन दगड, तिकडं पाच. आणि सकाळी तिले कोणी शिकवलं होतं? मीच, छाती फुगवून.

पण मग दुसरा विचार आला आणि तो जास्त वाईट होता. समजा आत्या चुकलीच नसंल तर? समजा तिनं जीपमध्ये ऐकलं असंल? "माझ्यासाठी काहून थांबता" हे तिनं कसं म्हटलं होतं? सरळ म्हटलं होतं का तसं म्हटलं होतं? मी ते वाक्य डोक्यात वाजवून वाजवून पाहिलं, आणि दरवेळी ते वेगळंच ऐकू आलं. मुद्दाम मागं राहिली असंल. कुठं एकटी जाऊन बसली असंल. पडली असंल. टाच सोललेली, वर चढ, बाजूले खोल.

माझ्या मैत्रिणी अशा टायमाले नवस बोलतात. नारळ, उपास, काहीतरी कबूल करतात आणि थोडं तरी हलकं होत असंल त्यांचं. आमच्या घरी ते नाहीच. आजोबांनी छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतली तेव्हापासून देव्हारा नाही का नवस नाही. मले नेहमी त्याचा अभिमान वाटतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आता मी बोलू कोणाशी? मग मी पंचशील म्हणाले लागली, चढता चढता, धापा टाकत. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं आणि चौथ्यापाशी अटकली. चौथं खोटं न बोलण्याचं आहे. खिशात मोबाइल होता आणि त्यात माझंच लिहिलेलं, "सगळे सोबत आहोत."

तेवढ्यात खालून दादाची हाक आली. जीपवाल्याले थांबवून तो आम्हाले घ्याले परत आला होता. खाली उतरून त्याले भेटली तर त्यानं माझ्या मागं पाहिलं.

"आत्या?"

मी वरच्या पायवाटेकडं बोट दाखवलं.

"तू मागं होती ना बे?"

"तू पुढं होता ना!"

"पुढं असणाऱ्याले मागचं काय दिसते? बाबांनी कोणाले सांगितलं होतं?"

"मलेच! मलेच सांगितलं होतं, बस?" आणि मी रडाले लागली. दादा माझ्यावर ओरडणार होता पण त्याचं तोंडच पांढरं झालं होतं. घड्याळात साडेतीन. दरीत ऊन राहिलंच नव्हतं, फक्त वरच्या कड्यावर एक पिवळी किनार.

तिथंच त्या उजवीकडच्या पायवाटेनं एक बाई खाली येत होती. डोक्यावर आवळ्यांचं पोतं. आम्हाले पाहून थांबली. दादानं विचारलं, "काकी, ऊपर कोई औरत दिखी क्या? चश्मा, नीला स्वेटर?"

"हाँ हाँ. गुफा के पास बैठी है."

मी मधातच बोलली, "अकेली? ठीक है? हम रास्ते के पत्थर लगा के आए थे, वो दूसरे पत्थर देख के…"

बाईले आधी समजलंच नाही. मग ती हसली. पोतं सांभाळत हसली. "रास्ते के नहीं हैं, बेटी. ये तो घर हैं. सावन में लोग आते हैं, जिसका अपना घर नहीं वो यहाँ पत्थर का बना के जाता है. मन्नत का. अपना घर बन जाए करके."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी दगडांकडं. सकाळपासून मी ज्यांचे फोटो काढून राहिली होती ती लोकांची घरं होती, आणि त्यांच्या मधात मी माझी तीन दगडांची दोन घरं बांधून आत्याले सांगितलं होतं, इकडं वळ.

आम्ही धावत वर गेलो. वीस मिनिटं लागली असतील, मले ते सगळं आयुष्य वाटलं. जसजसं वर गेलो तसतशी ती घरं वाढत गेली, झाडाच्या बुंध्याशी, खडकाच्या फटीत. आणि गुहेसमोर एक अंगण होतं, त्यात शंभराच्या वर असतील, इतकी जवळ जवळ का पाय ठेवाले जागा नव्हती.

त्यांच्या मधात आत्या बसली होती. बूट काढून बाजूले ठेवले होते. मांडीवर डबा.

"आत्या!"

तिनं वर पाहिलं. चष्म्यातून, एकदम शांत. "इतके दगड कधी लावले वं तू?"

मी तिच्या गळ्यात पडली. दादा तिथंच उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसाले लागला.

"दगड दिसले का तिकडं, तू म्हटलं. मी तिकडं, तिकडं, तिकडं करत आली. इथं आली तर चारीकडं दगड. मग म्हटलं आता हलाचं नाही. हरवलेल्या माणसानं एका जागी बसाचं. शोधणारा एक हलतो, हरवलेलाही हलला का भेट होत नाही."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. संत्रं खाल्लं."

मग ती म्हणाली का त्या आवळेवाल्या बाईनं तिलेही सांगितलं, ही घरं आहेत म्हणून. मी खाली पाहिलं. तिच्या पायापाशी एक घर बाकीच्यांपेक्षा नीट होतं. भिंतीले भिंत लागून, वर चपटा दगड.

मी हळूच विचारलं, "तू बांधलं?"

"नाही वं. आपण कुठं नवस करतो? कोणाचं तरी पडून गेलं होतं. वाऱ्यानं म्हण का वांदरानं म्हण. बसल्या बसल्या उभं करून दिलं. त्या माणसाले काय माहीत आपलं पडलं म्हणून."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आत्या, तू माझ्या रूममध्ये ये. खिडकीचा पलंग तू घे. खरंच."

आत्या बूट घालून राहिली होती. वर न पाहता म्हणाली, "स्कार्फ कानाले बांधला होता. कान कापून नव्हते ठेवले."

दादाले काहीच समजलं नाही. मले सगळं समजलं.

"आत्या, मी तसं…"

"आत्ता तू भीतीनं बोलून राहिली. भीतीनं बोललेलं लिहून नाही घ्याचं. आणि तुह्या रूमीत मी येणारच नव्हती. रात्रभर टकटक टकटक टाइप करते तू, मले झोप येईल काय? तुह्या बापाले सांगाचं राहिलं फक्त." तिनं लेस बांधली आणि माझा खांदा धरून उठली. "चाल. जीपवाला बंद होईल."

उतरताना दादा पुढं, मधात आत्या, मागं मी. तिच्या पट्टी लावलेल्या टाचेवरून मी नजर हटवली नाही. पाचले पाच कमी असताना नाक्यावर पोचलो. जीपवाल्यानं तोंड उघडलं, आत्यानं त्याच्या हातात एक संत्रं ठेवलं, त्यानं तोंड बंद केलं. बाबांले आत्यानं स्वतः फोन लावला. "हो, मस्त झालं. पोरगी? मागंच आहे माझ्या."

तर आज. आज मी आत्यासोबत हुडकेश्वरले तिनं भाड्यानं घेतलेली खोली पाहाले गेली होती. नवीन लेआउट, सगळ्या गल्ल्या एकसारख्या, अर्धी घरं बांधलेली, अर्ध्यांच्या सळया वर निघालेल्या. गाडी डांबरी रस्त्यावर लावली आणि आत पायी निघालो. आत्या पुढं चालत होती. मी एक मेसेज आला म्हणून मोबाइलमध्ये पाहिलं, एकच, आईशप्पथ एकच मेसेज, आणि मान वर केली तर आत्या नाही.

महिना होऊन गेला तरी तेच. भर दुपारी, लोक दिसून राहिले, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊन राहिल्या, आणि मी वेड्यासारखी पळाली. पहिलं वळण, कोणी नाही. दुसऱ्या वळणावर कोपऱ्यात विटांचा ढीग होता. त्याच्या बाजूले, रस्त्याच्या मधोमध, तीन विटा एकावर एक ठेवलेल्या. आणि त्यांच्या पलीकडं आत्या उभी, पर्स पोटाशी धरून.

"म्हटलं, चुकंल पोरगी," ती म्हणाली. "तीनच ठेवल्या. पाच ठेवल्या असत्या तर भलतीकडं गेली असती."

मले हसूही आलं आणि रडूही. खोली चांगली आहे, उजेड आहे, सकाळी पाचले गरम पाणी प्याले ओटाही आहे. पण मले तिथून निघवत नव्हतं. बाबांले दरीतलं अजून माहीत नाही. हे तुम्ही वाचून राहिले तोपर्यंत मी सांगितलेलं असंल, शपथ, कारण चौथ्यापाशी मी अजून अटकलेलीच आहे.

तुम्ही सांगा ना. तुमच्यासोबत झालं काय असं कधी? कोणाले तरी "येऊन राहिला मागं" म्हणून तुम्ही आपल्याच नादात पुढं निघून गेले, आणि वळून पाहिलं तर मागं कोणीच नाही?